बोरूवर उभी भिंत

चोपानकाला, ९ फेब्रुवारी १९९८

मत्याकूब,

माझा आवाज ऐकून तू दोनदा फोन ठेवलास, म्हणून पत्र लिहितेय. फोन पहिल्या शब्दाला ठेवता येतो. पत्र फेकायचं तरी आधी थोडं वाचावं लागतं, आणि तेवढ्यात मी माझं म्हणणं सांगून घेईन.

भांडायला लिहीत नाही. काम आहे.

किल्ल्याची दक्षिण भिंत जाणार. पडणार नाही, झाकली जाणार, आणि माझ्या मते ते पडण्याहून वाईट. जिल्ह्याने योजना केलीय: खाली काँक्रीटचा पाया, त्यावर भाजक्या विटांचं कवच, वर एका मापाचे कंगोरे. कचेरीच्या ओसरीत चित्र लावलंय. आपली भिंत त्यात एखाद्या नव्या बिस्किट कारखान्यासारखी दिसते. परदेशी पाहुणे यायला लागलेत ना, त्यांना मळकट काही दिसायला नको.

योजना आणली बेकमुरातने. मी निबंधात दोनदा नापास केलेला मुलगा, तो आता उपप्रमुख आहे. मी त्याच्या कचेरीत जाऊन बसले. त्याने चहा मागवला, खडीसाखर पुढे केली.

"आपा, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला," म्हणाला, "किल्ला राखला तर लोक राहतात?"

"मी शिकवलं होतं, लोक राहिले तर किल्ला राहतो. तू उलटं लिहिलंस म्हणून नापास झालास."

हसला. पोरगा वाईट नाही, घाई आहे एवढंच. मग मुद्द्यावर आला. "भिंत खालून सडलीय, आपा. पुरुषभर ओल, त्यावर खाराचा लोणा. मातीला माती लावून किती दिवस काढणार? उत्तरेच्या भिंतीखाली बोरूचा थर आहे, पूर्वेच्या खाली आहे. दक्षिणेच्या खाली नाहीच. असता तर ओल चढली असती का?"

तुला बोरूचं काय सांगायचं, पण त्याला सांगावं लागलं. जमिनीतलं खारं पाणी भिंतीत चढू नये म्हणून आपल्या जुन्या लोकांनी पायाच्या वर हातभर बोरू आडवा अंथरला आणि मग त्यावर मातीची भिंत चढवली. असा किल्ला बांधणारे लोक एक बाजू विसरतील? ओल चढली ती त्र्याऐंशी साली पायथ्याला घातलेल्या सिमेंटच्या पट्ट्यामुळे. पाणी पूर्वी खालीच बाहेर पडून वाळायचं. पट्ट्याने ती वाट बंद केली, मग पाणी पट्ट्यामागून बोरूला बगल देऊन वर चढलं.

"पटतं," बेकमुरात म्हणाला, "पण कागद कुठाय? कचेरी हलवताना जुने नकाशे गेले. बारा मार्चला ताश्कंदहून समिती येतेय. त्याआधी कुणी भिंतीला कुदळ लावायची नाही असा हुकूम आहे. बोरू असल्याचा पुरावा असेल तर समिती खणून बघेल. नसेल तर ती सही करेल आणि मी विटा मागवीन."

तर पुरावा हवाय. पट्ट्यासाठी चर खणला तेव्हा तिथे उभा असलेला इंजिनियर तू होतास. तू जे पाहतोस ते मोजतोस आणि जे मोजतोस ते काढून ठेवतोस. लहानपणी आईच्या रोट्यांची रुंदीसुद्धा वहीत लिहायचास. तो नकाशा तुझ्याकडे आहे. पाठव. भिंत वाचेल, आणि तू घातलेल्या पट्ट्याचं पापही थोडं धुतलं जाईल.

तुझी बहीण,
ओयजमाल


चोपानकाला, २२ फेब्रुवारी

मत्याकूब,

उत्तर नाही. ठीक. तू कागद खर्च करत नाहीस, मी दोघांच्या वाटणीचा करते.

शेतांवर पाणी सोडलंय. दक्षिण बुरुजावरून बघितलं की किल्ल्याच्या बाहेर सगळीकडे नुसतं आकाश पसरलंय, मध्येमध्ये बांध आणि त्यावर फावडं खांद्याला लावून फिरणारी माणसं. खार धुवायचं काम सुरू झालं की मला दर वर्षी शाळा सोडून पळावंसं वाटतं. ताश्कंदच्या सातव्या मजल्यावर तुला हा वास येत नसणार.

आणि पाणी जमिनीत उतरलं की भिंती प्यायला लागतात. म्हणून समिती मार्चमध्येच यायला हवी. परवा बेकमुरातने निरोप पाठवला की साहेब मंडळींना सप्टेंबर सोयीचा आहे, द्राक्षं असतात. मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, सप्टेंबरमध्ये सगळ्याच भिंती शहाण्या दिसतात. ताप चढलेला असताना वैद्य बोलवायचा की उतरल्यावर? तो म्हणाला, "आपा, दारात नको, आत येऊन भाषण करा, लोक जमतायत." आत नाही गेले. जेवढे जमले तेवढ्यांना पुरेल असं तिथेच बोलले. तारीख बारा मार्चच राहिली.

कुवांदिक उस्तांना मी तुला लिहिलेलं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यांचं वय आता पंचाहत्तर. बाबांच्या हाताखाली शिकलेले मातीचे गवंडी तेवढे एकच उरलेत आणि अजूनही मातीचा खडा जिभेला लावून खार किती ते सांगतात. मला वाटलं शाबासकी देतील. ते आंगणात चिखल तुडवत होते, अनवाणी, विजार गुडघ्यापर्यंत. शेवटच्या वाक्याला थांबले.

"पाप कुणाचं म्हणालीस, पोरी?"

"पट्टा घालणाऱ्याचं."

"हं," म्हणाले आणि पुन्हा तुडवायला लागले. मग म्हाताऱ्याने मला कोंबड्यांबद्दल काहीतरी सांगितलं आणि मीही ते अगदी लक्ष देऊन ऐकलं.

तुझा राग अठ्ठ्याऐंशीच्या सभेचा आहे, मला माहीत आहे. मी व्यासपीठावरून म्हणाले की पुस्तकं शिकून आलेल्या पोरांनी बापाच्या भिंतीचा गळा दाबला. नाव घेतलं नव्हतं. पण तू पहिल्या रांगेत बसला होतास आणि चारशे माणसांनी मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. सभेत माणूस सभेसारखं बोलतो. भिंतीला पाझर फुटला होता, लोक चिडले होते, कुणीतरी बोलायला हवं होतं. तू उठून उत्तर द्यायचं होतंस. उठला नाहीस. आठवड्याने ताश्कंदला गेलास, आणि पुढच्या वर्षी बाबांना माती द्यायला आलास तेव्हा बहिणीचं घर सोडून चहाखान्याच्या खाटेवर झोपलास. अख्ख्या मोहल्ल्याने मला त्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, त्याला मोकळ्या हवेत झोप लागते.

नकाशा पाठव. अठरा दिवस उरलेत.

ओयजमाल


चोपानकाला, ५ मार्च

मत्याकूबजान,

पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. दोन कागद होते. ते मी शाळेत, मुलं निबंध लिहीत असताना उघडले आणि मग तास संपल्याची घंटा मला ऐकू आली नाही. मुलांनीही ती ऐकू आल्याचं दाखवलं नाही, कारण निबंध अवघड होता.

पहिला कागद नकाशा. तुझं ते मुंगीसारखं अक्षर. दक्षिण भिंतीचा छेद, चराची खोली, आणि त्यावर एक पिवळा पट्टा रंगवलेला: 'बोरू, जाडी सदतीस सेंटिमीटर, कोरडा, उत्तम.' हे मला अपेक्षित होतं. त्याखाली समासात जे आहे ते नव्हतं. '१९ ऑक्टोबर १९८३. यावर सिमेंट घालू नये, ओल वर जाईल. वरिष्ठांना लेखी कळवले.'

दुसरा कागद त्या कळवण्याला आलेलं उत्तर. तीन ओळी. 'काम थांबवता येणार नाही. पक्क्या कामाची मागणी जनसभेने, शिक्षिका कॉम्रेड ओ. रजपोवा यांच्या भाषणानंतर, एकमताने केलेली आहे.'

आता मी लिहिते. मी आतापर्यंत जे लिहिलं नाही ते.

त्र्याऐंशीचं ते भाषण मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. वाईट भाषणं विसरता येतात. ते चांगलं होतं. मी एकोणतीस वर्षांची होते, लाल रुमाल बांधला होता. म्हणाले होते, जग आकाशात यानं सोडतंय आणि आपण दर वसंतात पाय बरबटून भिंतीला पोटीस बांधतोय. म्हणाले होते, आमच्या आयांच्या टाचा या चिखलात फुटल्या, आमच्या मुलींच्या फुटणार नाहीत. आम्हाला मलमपट्टी नको, पक्कं काम हवं. चार वेळा टाळ्या पडल्या. बाबा तिसऱ्या रांगेत होते. त्यांच्या पायांवर सकाळचा चिखल वाळला होता. ते त्याच्याकडे बघत बसले. मला तेव्हा वाटलं, म्हातारा भारावला.

आणि आदल्या दिवशी, जेवताना, तू मला विचारलं होतंस. शिवित ओश होतं ताटात, तू त्या हिरव्या शेवया चमच्याने बाजूला करून ताटावर रेघ ओढलीस आणि म्हणालास, "आपा, हा पट्टा. मग खालचं पाणी कुठे जाईल?"

मी म्हटलं, "पाण्याला पक्षाची परवानगी घ्यावी लागेल."

सगळे हसले. तूही हसलास, कारण विनोद बरा होता. पण उत्तर मी दिलं नाही, कारण मला ते ठाऊक नव्हतं.

म्हणजे पट्टा मी घातला. तू अडवायला गेलास, मी माझ्या भाषणाने तुझा हात बाजूला केला, आणि पाच वर्षांनी भिंतीला पाझर फुटल्यावर त्याच व्यासपीठावर चढून बोट तुझ्याकडे दाखवलं. हे दोन्ही कागद त्या दिवशी तुझ्याकडे होते. खिशात होते का? मी सारखा तोच विचार करते. उभा राहून दुसरा कागद वाचला असतास तर चारशे माना माझ्याकडे वळल्या असत्या. तू गप्प बसलास आणि मी तुझ्या गप्प बसण्याला गुन्ह्याची कबुली समजले. मी भाषाशिक्षिका.

गेल्या दोन पत्रांत मी तुझ्या पापाबद्दल लिहिलं. ती पत्रं जाळ. नको, जाळू नकोस, ठेव. मी फार चढले की मला वाचून दाखव.

माफी मागायला मला चांगली वाक्यं सुचतायत आणि म्हणूनच मी ती लिहीत नाही.

तुझी आपा


चोपानकाला, १४ मार्च

जान इनी, माझ्या धाकट्या,

बस आणि वाच. कोपऱ्यावरचा चहा मागव आधी.

समितीत तिघं होते. प्रमुख बाई, मुनीरा काबिलोव्हना, पन्नाशीच्या, नेहमी कपाळाला आठ्या, पायात शहरी बूट. बेकमुरातने त्यांना पूर्वेच्या दरवाजाने आणायचं ठरवलं होतं, तिथे फरसबंदी आहे. मी त्यांना म्हटलं, आजारी माणसाला भेटायचं तर मागच्या दाराने जावं, पुढच्या दाराला घरचे सगळं झाकून ठेवतात. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चला मागच्या दाराने."

मागची गल्ली पाण्यात होती. कुवांदिक उस्तांनी आपले रबरी बूट काढून बाईंना दिले आणि स्वतः अनवाणी पुढे चालले. बूट चार अंगुळं मोठे. बाई एका हाताने उस्तांचा खांदा आणि दुसऱ्या हाताने बूट धरून चालत होत्या. मागून बेकमुरात नवा कोट सांभाळत. घराघरांतून बायका बाहेर आल्या. अंबरबीबीने ओरडून विचारलं, "उपप्रमुख, एवढं पाणी विटांनाही पाजणार का?"

"विटा पीत नाहीत, बीबी."

"मग त्या जगतील कशा?"

दक्षिण भिंतीपाशी मी एक शब्द बोलले नाही, हे तुला खोटं वाटेल. बाईंनीच हात लावला. सिमेंटचा पट्टा कोरडा, टणटणीत. त्याच्या वर, पुरुषभर उंचीपर्यंत, भिंत काळी ओली आणि ओलीच्या वरच्या काठाला पांढरा लोणा, जणू कुणी पीठ उधळलंय. तिथून त्या कोपरा वळून पूर्वेच्या भिंतीकडे गेल्या. तिला पट्टा नाही. ओल घोट्याएवढी. परत आल्या. पुन्हा गेल्या. आठ्या जरा मोकळ्या झाल्या.

मग चहाखान्यात बैठक. बेकमुरातने योजना वाचली, छान वाचली, मीच शिकवलेले उच्चार. शेवटी म्हणाला, "बोरूचा पुरावा असेल तर आमची हरकत नाही."

मी उठले. मोहल्ला दारात, खिडकीत, खाटांवर जमला होता. सगळे तयारीत, कारण आपा उठली की तासभर गेला. मी नकाशा वाचला. समासातली ओळ वाचली, तुझं नाव आणि तारीख सांगून. लोक कुजबुजायला लागले, "म्हणजे पोरगा बरोबर होता." तिथे बसता आलं असतं. भिंतीचं काम झालं होतं.

दुसरा कागद वाचला. माझं नाव आलं तिथे मी थांबले नाही. वाचून झाल्यावर म्हटलं, "कॉम्रेड ओ. रजपोवा म्हणजे मी. पट्टा माझ्या भाषणाने आला. अठ्ठ्याऐंशीत मी या गावासमोर माझ्या भावावर खोटा आळ घेतला. तो गप्प बसला, कारण बोलला असता तर मी पडले असते." आणि बसले. पाव मिनिट लागलं असेल. इतकं लहान भाषण मी लग्नातही केलेलं नाही.

किटलीचं झाकण वाजत होतं. मग अंबरबीबीने ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "अगं बाई, मग आम्ही टाळ्या वाजवल्या त्याचं काय? मी दोन्ही वेळा वाजवल्या होत्या."

"मी शिट्टी मारली होती," कुणीतरी मागून म्हणालं.

आणि चहाखाना हसायला लागला, मत्याकूब. त्यात टवाळी नव्हती. दहा वर्षं एका माणसाच्या माथी मारलेल्या ओझ्याचा चारशे जणांनी आपापला भाग उचलला की असंच हसू येत असावं. बेकमुरात माझ्या कानाशी आला. "आपा, दुसरा कागद कशाला? पहिला पुरला असता."

"पहिल्याने नुसती भिंत वाचली असती. बस खाली."

मुनीरा काबिलोव्हना उठल्या. "कुदळ आहे का?" एवढंच विचारलं.

कुदळ उस्तांनीच चालवली, दुसऱ्याला देईनात. पट्टा फुटेना. म्हातारा सिमेंटला अशा शिव्या देत होता की बाईंच्या लेखनिकाने लिहिणं थांबवलं. मग एक ढलपा निघाला, मग मोठा तुकडा, मग ओली माती, आणि त्यामागे बोरू. पिवळा, मत्याकूब. खरबुजाच्या गरासारखा. शेकडो वर्षं भिंतीचं वजन घेऊन पडून राहिलेला आणि अजून एकेक कांडी वेगळी दिसत होती. बाहेरचा काठ तेवढा पट्ट्याखाली काळा पडलाय, हातभर आत गेलं की सगळा धडधाकट. उस्तांनी आतली एक कांडी मोडली. कटकन आवाज आला. ती त्यांनी दाताखाली धरली, चावली आणि म्हणाले, "कोरडा."

बाईंनी हात पुढे केला. त्यांनीही चावून पाहिलं. मग लेखनिकाला म्हणाल्या, "लिहा. थर अस्तित्वात आहे." आणि कांडी पुन्हा चावून, "चांगल्या अवस्थेत."

निर्णय असा: विटांची योजना थांबवली. शंभर पावलं लांबीचा पट्टा काढायचा, बोरूचा काळा काठ बदलायचा, आणि वर जुन्या पद्धतीने लिंपण. एक वर्ष ओल मोजायची. उतरली तर सगळा पट्टा काढायचा, न उतरली तर पुन्हा बैठक. म्हणजे अर्धं जिंकलो, पण जे जिंकलो ते खणून पाहिलेलं आहे.

कुणीतरी डफ आणला. त्या पाण्यात, त्या गल्लीत आपला लझगी नाच सुरू झाला, आधी नुसती बोटं, मग मनगटं, मग खांदे. बेकमुरातचा नवा कोट कमरेपर्यंत भिजला. नाचतो मात्र चांगला. त्यात मी त्याला कधीच नापास केलं नसतं.

आपा


चोपानकाला, २ एप्रिल

मत्याकूब,

तुझी तार मिळाली. 'हशरसाठी येतो. एक दिवस. सोय चहाखान्यात.' नऊ वर्षांत पाठवलेले शब्द सहा, त्यातले दोन बहिणीला टोचायला.

हशर रविवारी बारा तारखेला आहे, सगळं गाव मिळून भिंत लिंपणार. चिखल आम्ही आज तुडवायला घेतला. सगळा मोहल्ला गुडघ्यापर्यंत आत. वरून गव्हाचा भुसा, वरून पाणी, पुन्हा पाय. आता तो दहा दिवस झाकून मुरेल. मीही तुडवला. टाचा फुटल्या. फुटू देत.

चहाखान्याचं म्हणशील तर मालकाला मी सांगितलंय की तुला खाट दिली तर त्याच्या नातवाला मी भाषेत पाहून घेईन. तो म्हणाला, "आपा, ही तर धमकी झाली." म्हटलं, हो. माझ्या घरी अंथरूण घातलंय. तुखुम-बराक करणार आहे. पाणी उकळलं की मगच पारीत अंडी भरायची असतात, त्यामुळे उशीर करू नकोस.

आणि मी काही बोलणार नाही. दिवसभर. घरच्यांनी पैजा लावल्यात.

आपा


चोपानकाला, ३० मे

मत्याकूबजान,

तू शिडीवर होतास, त्यामुळे खाली काय चाललं होतं ते तुला माहीत नाही. आता सांगते, कारण सांगायचं कारण घडलंय.

तू आलास तो उशिरा, गाडी चुकून, शनिवारी येणारा रविवारी सकाळी अकरा वाजता. आल्या आल्या कोट काढून उस्तांसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "मला एक तुकडा द्या, उस्ता. माझ्या हाताचा." तुला पट्ट्याच्या जागची सहा हात जागा दिली. तोवर मुरलेला चिखल संपत आला होता, आणि तू कुणाकडे मागितला नाहीस. ढिगाऱ्यावरची ताजी माती घेतलीस, भुसा मोजून घातलास, पाणी मोजून घातलंस आणि तासाभरात लावायला लागलास. ओळंबा सोडलास. मातीच्या लिंपणाला ओळंबा मी जन्मात पाहिला नव्हता.

खाली अंबरबीबी म्हणाली, "सरळ मात्र काढतोय."

उस्ता म्हणाले, "सरळ येतंय. राहणार नाही. मुरलेला नाहीये."

"मग सांगा ना त्याला."

"नऊ वर्षांनी आलाय. आज नाही सांगत."

मीही नाही सांगितलं. मी दिवसभर न बोलण्याची पैज जिंकायला निघाले होते. आपण दोघं मिळून जेवढं बोललो ते "पाणी दे" आणि "शिडी धर", आणि स्टेशनवर गाडी सुटताना तू म्हणालास, "आपा, दुसरा कागद वाचायला नको होता. मी तो तुझ्यासाठीच पाठवला होता." माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं तीन भागांचं, पण गाडीने ते ऐकलं नाही.

आता बातमी. ओल चार बोटं उतरली. मी दर शुक्रवारी मोजते, बेकमुरातसमोर, आणि तो वहीत लिहून खाली सही करतो. परवा म्हणाला, "आपा, पाच बोटं लिहू का?" म्हटलं, चार लिही. खोट्या भाषणांनी बुडालो होतो, खऱ्या आकड्यानेच वर येऊ. लोणा झटकला की गळून पडतो, खाली पुन्हा माती दिसते, तपकिरी, कोरडी. पाहुणेही येतात. मी त्यांना मागच्या दाराने नेते आणि त्यांच्यापैकी निम्मे तरी भिंतीला हात लावतात. कुणी हसत नाही.

आणि मंगळवारी पाऊस झाला. आपल्याकडे मे महिन्यात पाऊस, तोही असा की छपरावरच्या जर्दाळू वाळवणाची खीर झाली. अख्खा मोहल्ला भिंतीपाशी धावला. मी छत्री घेऊन, उस्ता डोक्यावर पोतं घेऊन. शंभर पावलं आम्ही भिंतीला धरून चाललो. सगळं जागच्या जागी. फक्त तुझे सहा हात.

आधी पोट आलं. मग वरून एक चीर गेली, अगदी तुझ्या ओळंब्यासारखी सरळ. मग जवळजवळ सगळा तुकडा हळूच खाली बसला, दमलेला माणूस बसतो तसा. भिंतीला काही झालं नाही, आतला बोरू दिसत होता, कोरडा. पण गावाने जो हशा केला तो तुझ्या सातव्या मजल्यापर्यंत यायला हवा होता. उस्ता पोत्याखाली उभे राहून इतके हसले की त्यांना धरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते थापी घेऊन आले. मी आडवी आले. म्हटलं, हा तुकडा कुणी लावायचा नाही. गेल्या हशरचा उरलेला चिखल माझ्या आंगणात झाकून ठेवलाय, मुरलेला, मी लावते. उस्तांनी मला आपादमस्तक पाहिलं. "पोरी, तू आयुष्यात कोंबड्यांचं खुराडंसुद्धा लिंपलेलं नाहीस."

खरं आहे. मी त्या कामावर फक्त भाषणं केली होती.

दोन दिवस लागले. शाळा सुटल्यावर, पायात काही न घालता. खांद्यातून हात निखळल्यासारखा झालाय, हे पत्र म्हणून वाकडं दिसतंय. लिंपण याहूनही वाकडं झालंय. खालचा तू लावलेला एक हातभर टिकला होता, तो मी ठेवला, वर माझं. तुझं सरळ, माझं डोंगरासारखं, आणि मध्ये जोड कुठे आहे ते ओलं होतं तोवर दिसत होतं. काल ते वाळलं. आता उस्तांनाही सापडत नाही. संध्याकाळी ते बाहेर खाटेवर बसून बघत होते, मी चहा नेला, तर म्हणाले, "दोघं भावंडं मिळून सहा हात भिंत. आणि तीही अशी." मग पेला तोंडाला लावला.

तो तुकडा आता दुरुस्त करायचा नाही असं मी ठरवलंय. तू आलास की बघ.

तुझी आपा